स्पर्धेत उतरायचं असेल तर आधी सामने कमी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसजवळ राहणारे पाच मराठी मित्र गेली दोन-एक वर्षं जवळच्या मैदानावर भाड्याच्या गन घेऊन पेंटबॉल, म्हणजे रंग भरलेल्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करायचा खेळ, खेळतात. झाडीतल्या खेळात हल्ली बहुतेक वेळा त्यांचीच बाजू जिंकते. आता पाच जणांचा संघ करून स्पर्धेच्या सगळ्यांत खालच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे नवख्यांच्या गटात, नाव द्यावं असं त्यांच्या मनात आहे. नव्या गन घ्याव्यात का, आठवड्याला किती खेळावं, आणि पाचांपैकी दोघांना 'एवढं सीरियस कशाला घ्यायचं' असं वाटतं, त्यांचं काय करायचं, असं त्यांनी विचारलंय.

आधी उत्तरं देतो, कारणं मागून. गन इतक्यात घेऊ नका, मास्क मात्र आजच घ्या. जास्त खेळू नका. सामने निम्म्यावर आणा आणि उरलेला वेळ कवायतीला द्या. आणि त्या दोघांना ओढून नेऊ नका.

मी डिव्हिजनल पेंटबॉल बरीच वर्षं खेळलोय आणि आता खालच्या डिव्हिजनच्या संघांना शिकवतो. नवा संघ आला की पहिला गैरसमज नेहमी तोच असतो. रविवारी खेळतो ते अजून थोडं जोरात, अजून थोडं जास्त वेळा खेळलं की झाली स्पर्धेची तयारी, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही, कारण हे दोन खेळच वेगळे आहेत. गोळी तीच, मास्क तोच, बाकी फारसं काही सारखं नाही.

झाडीत जिंकता ही चांगली गोष्ट आहे, पण तो पुरावा धरू नका. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ ला न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकरच्या रानात झाला. खेळायला १२ जण होते आणि प्रत्येकाच्या हातात नेल-स्पॉट ००७ पिस्तूल होतं. झाडांवर आणि गुरांवर लांबून रंगाची खूण करता यावी म्हणून बनवलेलं ते हत्यार. शहरात वाढलेला माणूस रानात तगेल का, असा मूळ वाद होता. जिंकला तो रिची व्हाइट, जंगलात काम करणारा माणूस. जिंकायला लागणारे सगळे झेंडे गोळा करून तो बाहेर आला तेव्हा त्यानं एकही गोळी झाडलेली नव्हती. झाडीतल्या खेळाचं बक्षीस आजही त्यालाच मिळतं, जो दिसत नाही, थांबू शकतो आणि बाजूनं वळसा घालून येतो. तुम्ही पाच जण एकमेकांना ओळखता आणि समोर दर रविवारी नवे, अनोळखी, भाड्याच्या धुरकट मास्कमधून बघणारे लोक असतात. अशांना हरवणं अवघड नाही.

स्पर्धेच्या मैदानावर लपायला जागाच नाही. साधारण १५० फूट लांब आणि १२० फूट रुंद सपाट मैदान, त्यावर हवा भरलेले बंकर, म्हणजे आडोसे, आणि एका अर्ध्यातला प्रत्येक बंकर दुसऱ्या अर्ध्यात तंतोतंत तसाच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पर्धा झाडीतून या मोकळ्या मैदानांवर आल्या. दोन्ही बाजूंना सारखी संधी मिळावी आणि बघणाऱ्याला काही दिसावं, ही त्यामागची कारणं. एका कडेनं जमिनीलगत लांबलचक पसरलेला स्नेक, दुसऱ्या कडेनं त्रिकोणी डोरिटोंची रांग, मध्ये कॅन, ब्रिक, टेम्पल अशा नावांचे बंकर. बीप वाजेपर्यंत सगळ्यांच्या गनच्या नळ्या आपापल्या स्टार्ट गेटला टेकलेल्या असतात. बीप वाजला की पाच विरुद्ध पाच, आणि कोण कुठे आहे हे सगळ्यांना दिसतं. वळसा घालायला जागा नाही आणि वाट बघत बसायला वेळ नाही. समोरच्या संघाच्या गेटवरचा बझर दाबला की गुण. एखादा गुण वीस सेकंदांतही संपतो.

आता खरा फरक सांगतो, आणि इथे जरा थांबून वाचा.

मजेसाठी खेळताना तुम्ही माणसावर गोळी मारता. स्पर्धेत निम्म्याहून जास्त गोळ्या माणसावर नसतातच, त्या जागेवर असतात. मैदानावर गोळीच्या वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, भाड्याच्या मैदानांवर बहुधा २८०. ऐकायला प्रचंड वाटतं. पण ०.६८ इंच जाडीची, तीनेक ग्रॅम वजनाची ही गोळी हवेत झपाट्यानं मंदावते. मागच्या बंकरवरून १०० ते १२० फुटांवरच्या कोपऱ्याकडे झाडली तर पोहोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. जीव तोडून पळणारा खेळाडू तेवढ्यात दहा फूट पुढे गेलेला असतो. म्हणजे तो दिसल्यावर नेम धरलात तर गोळी तो होता तिथे जाते.

म्हणून बीप वाजताच मागचे खेळाडू दोन बंकरांमधल्या मोकळ्या पट्ट्यातून गोळ्यांची सलग धार सोडतात. याला लेन म्हणतात. स्नेककडे पळणाऱ्याला ती ओलांडावीच लागते. आता हिशेब बघा. पळणारा माणूस त्या धारेत जेमतेम सेकंदाचा दहावा भाग असतो. स्पर्धेत गनचा वेग सेकंदाला साधारण १० गोळ्यांवर बांधलेला असतो. म्हणजे तो आत असताना तिथून जाणारी गोळी सरासरी एकच. तुमची नळी वीतभर वरखाली झाली तर नेमकी तीच गोळी त्याच्या डोक्यावरून जाते आणि तो स्नेकमध्ये पोहोचतो. तो तिथे पोहोचला की तुमची ती अर्धी बाजू अडकून पडते.

म्हणजे शिकायचं काय, तर स्वतः बाजूला सरकत असताना, समोरून तुमच्यावर तशीच धार येत असताना, कोणीही दिसत नसलेल्या एका ठरलेल्या उंचीवर नळी तीन सेकंद स्थिर ठेवायची. रविवारच्या सामन्यात हे कधीच शिकायला मिळणार नाही, कारण तिथे ते करायची गरजच पडत नाही. हे कौशल्य कवायतीतूनच येतं, आणि कवायत कंटाळवाणी असते.

माझ्याकडच्या नव्या संघांचा सरावाचा दिवस कसा जातो ते सांगतो. तुमच्या अंगाला हे मानवेल का, ते यावरून तुमचं तुम्हालाच कळेल.

पहिला तास पेंटशिवाय, म्हणजे गोळ्यांशिवाय. अंग गरम करायचं, मग गेटपासून प्रत्येक बंकरपर्यंत पळायचं आणि घसरत आत शिरायचं. शेवटच्या पावलाला वेग कमी न करता घसरणं हीच मुळात शिकण्याची गोष्ट आहे. नवखा माणूस बंकरच्या दोन पावलं आधी मनातल्या मनात ब्रेक लावतो आणि तिथेच गोळी खातो. मग बंकरमागे बसायचं कसं. गुडघे आत, कोपर आत, पाठीवरचा पॉडचा, म्हणजे जादा गोळ्यांच्या नळकांड्यांचा, पॅक बाहेर डोकावू द्यायचा नाही. उजव्या हाताचा माणूस बंकरच्या डाव्या कडेनं बाहेर वाकला तर गन डाव्या हातात घ्यायची, नाहीतर अर्धं अंग उघडं पडतं. डाव्या हातानं गन धरायला सुरुवातीचे काही आठवडे अगदी परक्यासारखं वाटतं. यासाठी मैदान लागत नाही. घरी आरशासमोर, गनला जोडलेली हवेची टाकी काढून, दाराच्या चौकटीला बंकर समजून रोज दहा मिनिटं करा. आरशात तुमचं डोकं आधी दिसतं की नळी, एवढंच बघायचं. डोकं आधी दिसत असेल तर समोरच्यालाही ते आधी दिसतं.

पुढचे दोन तास स्नॅप शूटिंग. समोरच्या बंकरवर, २० मीटरवर, एक छोटी बादली ठेवायची. झटकन बाहेर, एक गोळी, झटकन आत. एकच गोळी. पाच गोळ्यांची परवानगी दिली की माणूस पहिल्या चार निष्काळजीपणे मारतो आणि तेवढा वेळ बाहेर राहतो. पुन्हा बाहेर यायचं ते वेगळ्या उंचीवरून. एकाच जागेतून दोनदा बाहेर आलात तर तिसऱ्यांदा यायची वेळ येत नाही. नंतर हेच समोरासमोर दोन माणसं ठेवून करायचं, गोळी लागली की जागा बदलायची.

मग लेन. मग दोनास एक, तीनास दोन अशा अपुऱ्या डावांचा सराव. नवखे संघ सगळ्यांत जास्त गुण इथे घालवतात. समोर एकच उरलाय आणि आपण तीन जण, तरी प्रत्येकजण आपापल्या बंकरमागे बसून राहतो, कारण मजेच्या खेळात जिवंत राहणं हाच आनंद असतो. इथे तीनांपैकी एकानं पुढे पळायचं, गोळी खायची आणि तेवढ्यात दुसऱ्यानं त्या एकाला टिपायचं. कबड्डीत शेवटचा चढाईपटू उरला की क्षेत्ररक्षक त्याची वाट बघत नाहीत, साखळी करून अंगावर जातात, तसंच. स्वतः बाद होऊन गुण जिंकून देणारा माणूस आमच्याकडे शाबासकी घेतो. ज्याला रविवारी किती जणांना मारलं याचीच मोजदाद आवडते, त्याला हे फार जड जातं.

शेवटच्या तासाभरात प्रत्यक्ष गुण खेळायचे, बस्स. तेही कडेला मोबाइल उभा करून चित्रित करायचे आणि संध्याकाळी बघायचे. बघताना स्वतःवरची नजर काढून बीपनंतरचे पहिले पाच सेकंद सगळ्यांचे बघा. कोण कुठल्या सेकंदाला बाद झाला, त्यानं शेवटचं काय सांगितलं, आणि ते कोणी ऐकलं.

बोलण्याबद्दल वेगळं सांगायला हवं. मैदानावर प्रचंड आवाज असतो आणि मागच्या माणसाला जे दिसतं ते पुढच्याला दिसत नाही. स्नेकमध्ये पडलेल्या माणसाला गवत आणि समोरची नळी एवढंच जग असतं. त्याचे डोळे म्हणजे तुमची हाक. प्रत्येक बंकरला नाव हवं, ते पाचही जणांना झोपेत आठवायला हवं, आणि कोण बाद झालं की हाक आलीच पाहिजे. बहुतेक संघ समोरच्याला कळू नये म्हणून सांकेतिक शब्द बनवतात. तुमच्याकडे ते आयते आहेत, टेक्ससमध्ये समोरच्या संघाला मराठी कळण्याची शक्यता तशी कमीच. पण शब्द पारखून घ्या. मास्कच्या आतून ओरडलेले 'चार' आणि 'पाच' जवळपास सारखे ऐकू येतात, आणि समोर किती उरलेत हा आकडा तर सगळ्यांत महत्त्वाचा. आकडे इंग्रजी ठेवा नाहीतर दुसरं काही ठरवा. 'डावीकडे', 'उजवीकडे' तर मुळीच नको, कारण वळून बसलेल्या माणसाचं डावं उजवं वेगळं असतं. स्नेक आणि डी, म्हणजे डोरिटोची बाजू, एवढ्या दोनच दिशा ठेवा. आणि हो, वाक्यं नकोत. 'अरे तो तिकडे गेला बघ' हे बोलून होईपर्यंत तो तिकडून इकडे आलेला असतो.

आता गन. इलेक्ट्रॉनिक गन आणि भाड्यानं मिळणारी टिपमन कंपनीची साधी गन यांत फरक आहेच, खोटं कशाला बोलू. स्पर्धेत रॅम्पिंग चालतं, म्हणजे ठरावीक वेगानं ट्रिगर दाबत राहिलं की गन आपोआप कमाल वेग गाठते. पण तो कमाल वेग सगळ्यांना सारखाच बांधलेला आहे. हजार डॉलरची गन तीनशेच्या गनपेक्षा जास्त गोळ्या सोडू शकत नाही आणि लांबही मारू शकत नाही, कारण गोळीच्या वेगावरही मर्यादा आहे. महागडी गन हातात हलकी लागते, धक्का कमी देते, उघडून साफ करायला सोपी असते. पहिल्या वर्षी या गोष्टींनी एकही गुण वाढत नाही. आधी उसनी किंवा भाड्याची इलेक्ट्रॉनिक गन वापरा. दोन-तीन महिने कवायत करूनही उत्साह टिकला तर जुनी, चांगल्या घरची गन घ्या. टेक्ससमध्ये दर हंगामाच्या शेवटी खेळ सोडणाऱ्यांच्या गन स्वस्तात निघतात.

मास्कचं तसं नाही. एएसटीएम एफ१७७६ या मानकाचा, दुहेरी काचेचा, स्वतःच्या चेहऱ्याला बसणारा मास्क मजेसाठी खेळणाऱ्यानंही घ्यावा. भाड्याच्या मास्कची काच एकेरी असेल तर ती घामानं धुकटते, आणि धुकटली की माणूस मैदानात मास्क उचलतो. पेंटबॉलमधले खरोखर वाईट अपघात तिथेच होतात. चष्मा असेल तर मास्क चष्म्यासकट घालून बघितल्याशिवाय विकत घेऊ नका.

हवेच्या टाकीचंही बघून घ्या. कार्बन फायबरची टाकी साधारण दर पाच वर्षांनी तपासून घ्यावी लागते आणि १५ वर्षांनी बाद होते. तारीख टाकीवरच छापलेली असते. जुनी स्वस्त टाकी घ्यायच्या आधी ती तारीख वाचा, कारण तारीख उलटलेली टाकी मैदानावर भरून मिळणार नाही. विमानानं स्पर्धेला जाणार असाल तर टाकीचा रेग्युलेटर पूर्ण काढून, आतलं दिसेल अशी उघडी ठेवल्याशिवाय ती नेता येत नाही. तुम्ही आधी टेक्ससमधल्याच स्पर्धा खेळणार, तेव्हा गाडीनं जा.

पैसे गनमध्ये जात नाहीत, पेंटमध्ये जातात. एका पेटीत २००० गोळ्या असतात. स्पर्धेच्या सरावात माणशी एक ते दोन पेट्या दिवसाला सहज उडतात. तुमच्या आत्ताच्या रविवारी पाच जण मिळून जेवढा पेंट वापरत असाल तेवढा एकट्याला लागेल. म्हणून मी कवायतीचा पहिला तास कोरडा ठेवतो आणि स्नॅप शूटिंगला एकच गोळी देतो. शिस्त लागते आणि खर्चही वाचतो. पेंट चढ्या भावाचा घेतलात तर जपा. कवच जिलेटिनचं असतं, दमटपणात ते फुगतं आणि मऊ पडतं, थंडीत ठिसूळ होऊन नळीतच फुटतं. टेक्ससच्या जुलैत गाडीच्या डिकीत दुपारभर राहिलेली पेटी सरावालाही वापरू नका.

शरीराबद्दल. पेंटबॉलचे वळ काही दिवसांत जातात, त्यांची भीती बाळगू नका. दिवसभर खुर्चीत बसून आठवड्यातून एकदा जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाचे घोटे, गुडघे आणि मांडीमागचे स्नायू ही खरी काळजी. गुण छोटे असतात, पण दिवसात बरेच असतात, आणि प्रत्येकाची सुरुवात पूर्ण वेगातल्या धावेनं होते. मॅरेथॉनची तयारी इथे उपयोगाची नाही. वीस-तीस मीटरच्या छोट्या धावा, बैठका, लंजेस, एवढं आठवड्यातून तीनदा पुरतं. बैठका तर करायलाच हव्यात, कारण अर्धा खेळ उकिडव्यानं होतो.

बाद होण्याचेही नियम वेगळे जाणवतील. रविवारी कुणाला गोळी लागली की 'अरे लागली का? बरं, चल जा' अशी सौदेबाजी चालते. स्पर्धेत मैदानातच रेफ, म्हणजे पंच, फिरत असतात आणि लागलेली गोळी घेऊन खेळत राहिलात तर दंड तुमच्या एकट्याला होत नाही, तुमचा संघ कमी माणसांनी खेळतो. रंग पुसणं ही सरळ चोरी आहे. ते या खेळात होतं, वरच्या पातळीवरही झालेलं आहे. पण नवख्या संघात मुद्दाम पुसणाऱ्यापेक्षा पाठीच्या पॅकवर गोळी लागल्याचं न कळलेलेच जास्त सापडतात. लागल्यासारखं वाटलं तर रेफला तपासायला सांगायची सवय सरावातच लावून घ्या.

वेळापत्रक कसं आखायचं तेही सांगतो. अमेरिकेतली मुख्य राष्ट्रीय मालिका म्हणजे २०१५ पासून चाललेली एनएक्सएल. तिच्या खाली राज्याराज्यांत छोट्या मालिका असतात. तुमच्यासाठी त्या योग्य. स्पर्धेच्या काही आठवडे आधी त्या स्पर्धेचा लेआउट, म्हणजे बंकरांची मांडणी, जाहीर होतो. मग आसपासची मैदानं तीच मांडणी लावतात आणि सगळे संघ तिथे सरावाला येतात. नवे संघ फक्त तेव्हाच जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो, कारण लेआउटचे आठवडे कोण कुठे पळणार आणि कुठली लेन कुणाची, हे ठरवण्यात जायला हवेत. स्नॅप शूटिंग तेव्हा शिकायचं नसतं. म्हणून लेआउट येईपर्यंत फक्त मूलभूत कवायत, लेआउट आल्यावर डावपेच आणि दुसऱ्या संघांशी सराव सामने. तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या वरचा संघ सरावाला मिळाला तर हात जोडून बोलवा. ते तुम्हाला धुऊन काढतील. बीपवर ते कुठे उभे असतात ते बघून ठेवा, तेवढ्यासाठी दिवस सत्कारणी लागतो.

आता मजेच्या खेळाची बाजू मांडतो, कारण माझं आतापर्यंतचं वाचून तो खालची पायरी आहे असं वाटेल. तसं मला मुळीच वाटत नाही. ओक्लाहोमातल्या वायनडॉटला वर्षानुवर्षं डी-डेचा मोठा खेळ भरायचा, हजारो माणसं दुसऱ्या महायुद्धातली नॉर्मंडीची लढाई पेंटबॉलनं खेळायला यायची. त्यांतल्या बहुतेकांनी कधी स्नेकमध्ये पाऊल टाकलं नसेल आणि त्यांना त्याची खंतही नसेल. मला स्वतःला आजही पंप गन घेऊन झाडीत खेळायला आवडतं. तिथे दर गोळीला हातानं पंप ओढावा लागतो आणि डोकं चालवावं लागतं. स्पर्धेचा सराव सुरू केलात की हा आनंद काही काळ हरवतो, हे आधीच सांगून ठेवतो. झाडीत गेलात तरी कुठली लेन मोकळी आहे, हेच डोळे शोधत बसतात.

आणि त्यातूनच एक घाण सवय लागते. सराव करणारे खेळाडू रविवारी भाड्याच्या गर्दीत उतरतात आणि वाढदिवसाला आलेल्या बारा वर्षांच्या पोरांना सेकंदाला दहा गोळ्यांनी झोडपतात. त्या पोरांतलं कुणी पुन्हा मैदानावर येत नाही, आणि मैदान चालतं ते त्यांच्या पैशावर. गर्दीत खेळायचं तर गन एका दाबाला एक गोळी या मोडवर ठेवा, जवळून गाठलेल्याला गोळी न मारता 'सरेंडर' म्हणा, आणि दोन बाजू असमान झाल्या तर दुबळ्या बाजूला जा. तुम्ही पाच जण आत्ता सगळे एकाच बाजूला खेळता असं तुमच्या प्रश्नावरून दिसतं. पुढच्या वेळी विभागून खेळा. एकमेकांविरुद्ध खेळल्यावर पाचांपैकी कोण खरंच चांगला आहे तेही कळेल.

राहिले ते दोघं. पाच जणांच्या खेळासाठी पाच जणांचा संघ करू नका, सात-आठ लागतात. कुणाचं मूल आजारी पडतं, कुणाचा प्रॉडक्शन रिलीज त्याच शनिवारी येतो, कुणाचा घोटा मुरगळतो. तेव्हा तुम्हाला माणसं तशीही शोधायची आहेत. मैदानावर एकेकटे येणारे आणि संघ शोधणारे खेळाडू नेहमी असतात. मालकाला विचारा, तो ओळख करून देईल. मराठीच हवेत असा हट्ट धरू नका, हाकांचं बघता येईल.

त्या दोघांना 'येताय की नाही' असं विचारू नका, मैत्रीखातर हो म्हणतील आणि तिसऱ्या कवायतीनंतर यायचे बंद होतील. त्यापेक्षा वर सांगितला तसा एक पूर्ण सरावाचा दिवस सगळ्यांनी मिळून करा, कोरड्या तासासकट. संध्याकाळी ज्याला थकूनही 'पुन्हा कधी' असं विचारावंसं वाटेल तो संघात. कदाचित आत्ता नको म्हणणारा विचारेल आणि सगळ्यांत उत्साही असलेला गप्प बसेल. मी हे होताना पाहिलंय.

आणि ज्यांना नकोच, त्यांना स्पर्धेच्या दिवशी पिटमध्ये, म्हणजे दोन गुणांच्या मध्ये संघ तयार होतो त्या जागेत, बोलवा. ही उपकाराची जागा समजू नका. दोन गुणांमध्ये जेमतेम वेळ मिळतो. तेवढ्यात पाच जणांचे पॉड १४०-१४० गोळ्यांनी भरायचे, हॉपर, म्हणजे गनवरचे गोळ्यांचे डबे, भरायचे, टाक्या बदलायच्या, मास्कच्या काचा पुसायच्या, पॅकवरचा रंग साफ करायचा, कारण आधीचा डाग तसाच राहिला तर पुढच्या गुणात रेफ तुम्हाला बाद धरू शकतो. पिटमध्ये दोन चपळ माणसं असलेला खालच्या डिव्हिजनचा संघ आणि नसलेला संघ दुपारनंतर लांबूनही ओळखू येतात. पेंट पुसायला मायक्रोफायबरची फडकी भरपूर न्या, पेपर टॉवेलनं काचेवर ओरखडे पडतात.